टाकीतले मासे

भिलाईजवळच्या त्या कारखान्याचं घाण पाणी साफ होऊन अमरदीपच्या घरामागच्या नाल्यात जायचं. त्यातलंच थोडं गेटजवळच्या काचेच्या टाकीत भरलेलं असायचं. टाकीत मासे पोहताना दिसले की तपासणीवाले खूश. पण मासे काही टिकत नव्हते.

उद्या तपासणी, म्हणून पाणी साफ करणाऱ्या प्लांटचा ऑपरेटर असलेल्या अमरदीपनं संध्याकाळी टाकी गुपचूप रिकामी केली, घरच्या बोअरचं पाणी कॅननं आणून भरलं आणि नवे मासे सोडले.

सकाळी तेही उलटे तरंगत होते.

त्यानं घाईघाईनं बायकोला फोन लावला. "शालू, पोरीले बोअरचं पानी पाजू नको. नाल्याचं पानी उतरलं वाटते त्यात."



"मंग काय झालं? तुमी तं साफ करूनच सोडता ना नाल्यात?"