सळईचं दुसरं टोक

गिअरचे दाते हणमंतने तिसऱ्यांदा मोजले. खडूची खूण केलेल्या दात्यावर बोट परत आलं, तेव्हा आकडा तोच निघाला. तुटलेल्या जुन्याला होते तेवढेच दाते, तसाच तिरकेपणा, बोल्टांची तशीच सहा भोकं. नाव-नंबराची पट्टी मात्र कधीच झिजून गेली होती.

“यही है ना, फौजीजी?” टँकरचा ड्रायव्हर भंवरलाल समोर उकिडवा बसला होता. सगळा भंगारबाजार पालथा घालून त्याने हा पी.टी.ओ. पोत्यात बांधून आणला होता. गिअरबॉक्सच्या कुशीला बसायचं आणि इंजिनाची ताकद पाण्याच्या पंपाला द्यायची, एवढंच त्याचं काम.

हणमंत त्याच्या ओठांकडे बघत होता. “मिलता तो है,” तो म्हणाला. “बैठना चाहिए.”

सत्त्याऐंशीचा मे महिना. जयपूरच्या विहिरींनी तळ दाखवला होता. एका इस्पितळाच्या छतावरची टाकी सकाळपासून कोरडी होती, आणि तीन मजले पाणी चढवणारा हा एकच टँकर शास्त्री नगरातल्या हणमंतच्या पत्र्याच्या शेडपुढे मुका उभा होता. पाणी वर चढवताना दात्यांवर जोर येतो. युनिट घट्ट बसलं तर दाते तिथंच तुटणार, तुकडे गिअरबॉक्सात शिरणार. सैल बसलं तरी तेच, जरा उशिरा. मधे कागदाच्या पॅकिंगची जाडी, तेवढाच फरक. आणि जुन्या दात्यांना हाताला फसवायची खोड असते. खरं काय ते चालू इंजिनावर आवाजच सांगतो.

बोल्ट आवळून झाले. ऑइल भरलं. भंवरलालने केबिनमध्ये चढून इंजिन चालू केलं, पी.टी.ओ.चा दांडा ओढला. हणमंत गाडीखाली पोत्यावर आडवा झाला. लांब सळईचं एक टोक त्याने गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं कानाला.

काहीच नाही.

उजवा कान फौजेतच राहिला होता. डावा गेल्या हिवाळ्यापासून पाठ फिरवून बसला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. घरीही नाही. सळईत थरथर होती. पण ती इंजिनाची की रडणाऱ्या दात्यांची, ते बोटांना कळत नव्हतं. त्याने सळई काढली, पुसली, पुन्हा लावली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

भंवरलालचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. तोंड हललं. ठीक आहे का, हेच विचारत असणार. दुसरं काय विचारेल?

हणमंतने अंगठा अर्धा वर केला.

तेवढ्यात डबा घेऊन मालन आली. ट्रकशी तिचं काही देणं-घेणं नव्हतं. पण गाडीजवळ येताच बायकोच्या भुवया गोळा झालेल्या त्याने पाहिल्या. तिने पदर कानावर ओढला होता.

त्याचा अंगठा मिटला.

“मालन, हिकडं ये. बस हितं.”

ती चाकाशेजारी बसली. त्याने सळईचं दुसरं टोक तिच्याकडे वळवलं, कानाला लावायची खूण केली.

वर भंवरलाल हसत होता. “अब भाभीजी पास करेंगी गाड़ी?”

मालनने कान लावला, दचकून काढला, पुन्हा लावला. काहीतरी बोलली. ऊन तिच्या पाठीशी होतं. तोंड नुसतं काळं दिसत होतं.

“काय?”

ती पुन्हा बोलली.

“काय म्हनलीस?”

मालन त्याच्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातून चार महिने मारलेल्या हाका, त्यांची न आलेली उत्तरं, त्यावरून तिने धरलेले अबोले. मग ती गुडघ्यांवर वाकली, गाडीखाली आली, आणि तोंड त्याच्या तोंडासमोर आणून हळूहळू म्हणाली,

“जातं लई जवळ बसलंय. दगडावर दगड घासतोय. मधल्या खुंट्याला आनखी एक चिंधी गुंडाळा, म्हंजी वरचा दगड उचलंल.”

प्रत्येक अक्षर त्याला दिसलं.

त्याने हात हलवून इंजिन बंद करवलं. “एक पॅकिंग और,” तो म्हणाला.

“वहाँ लोग बूँद-बूँद को तरस रहे हैं, फौजीजी.” भंवरलाल समोर येऊन उभा राहिला.

“पहुँचेगा तो मिलेगा.”

ऑइल पुन्हा परातीत उतरलं. सहा बोल्ट पुन्हा निघाले. हणमंतने कागद युनिटच्या तोंडावर धरला आणि लहान हातोडीने कडेकडेने ठोकत त्याला आकार दिला. तासभर गेला. मालनने डबा उघडला नाही. घरीही गेली नाही.

इंजिन पुन्हा चालू झालं, तेव्हा न बोलावता ती चाकाशी येऊन बसली. सळईचं टोक तिने स्वतःच घेतलं. हणमंत खालून तिच्याकडे बघत होता. ती तशीच बसून होती. भंवरलालने इंजिनाला जोर दिला. गाडीखालची धूळ हलली. मालनने डोळे मिटले.

मग गुडघ्यावरचा तिचा उजवा हात हलायला लागला. गोल. पुन्हा गोल. ओठही हलत होते. ओवी होती की नुसता श्वास, त्याला कळायला मार्ग नव्हता. पण हात कुठंही अडखळत नव्हता.

हणमंतने अंगठा पूर्ण वर केला.

टँकर वळणाआड गेल्यावर दोघांनी अर्ध्या तांब्यात हात धुतले. रोज ती त्याच्या शेजारी बसायची, रस्त्याकडे बघत घरातलं काहीबाही सांगायची. आज तिने डबा मधे ठेवला आणि समोर बसली. तोंडावर ऊन यायला लागलं तरी पदर पुढे घेतला नाही.

“भाकरी वाढू?” तिने विचारलं.