ब्लांशचा कळप

केर्गेलेन बेटावर बाहेरून आणलेली एकही मेंढी उरता कामा नये, असं सरकारी पत्र जहाजानं आलं. डोंगरात पांगलेली मेंढरं काही केल्या सापडेनात, तेव्हा बेटाचे प्रमुख मॉर्वानसाहेब यांची नजर माझ्या ब्लांशवर गेली. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी ती.

"गळ्यात रेडिओचा पट्टा बांध नि सोड तिला, लोईक. मेंढी एकटी राहत नाही, कळप हुडकतेच. आपण मागोमाग जायचं."

"नि तिचं काय, साहेब?"

"तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. शब्द देतो."

शब्द त्यांनी पाळला. ब्लांशनं पाच वेळा कळप हुडकला. पाचही वेळा आम्ही तिला तेवढं सोडून बाकी सगळ्यांना गोळ्या घातल्या.

सहाव्यांदा सोडली, तर यंत्रातली टिकटिक लांब जाऊन पुन्हा जवळ येत गेली. मी झोपडीचं दार उघडलं. वाऱ्यात ब्लांश उभी होती. बेटावर दुसरा कळपच उरला नव्हता, म्हणून ती आमच्यात आली होती.

 

साहेबांनी बंदूक माझ्या हातात दिली. म्हणाले, "तूच जा. तुला बघून ती पळणार नाही."