मोरीभोवतीचं रान

"परत उतरली मेली!" गार्गीने कुदळ आपटली. टेकडीवर काल लावलेली खैराची चालती रोपं रातोरात मुळं ओढत खाली येऊन शिबिराच्या मोरीभोवती बसली होती. सुट्टीभर हेच चाललं होतं. मुलांच्या हातांना फोड आले, टेकडी बोडकी ती बोडकीच.

"ओलाव्याकडे चालावीत म्हणूनच बनवलीत ती," शिबिरप्रमुख काळदाते सर म्हणाले. "चला, पुन्हा वर लावू."

"सर, आणि भांडी रोज इथेच घासायची?"

"मग कुठे? नळ इथे आहे!"

गार्गीने खरकट्या ताटांचं घमेलं डोक्यावर घेतलं, भरलेली कळशी कमरेवर, आणि हिंदकळत्या पाण्यानिशी तरातरा टेकडी चढू लागली.

मागे सळसळ झाली. रोपं निमूटपणे तिच्यामागून चढत होती.

सर नळापाशीच उभे होते.