अमितच्या खोलीचे दोन नकाशे

“उंबरा काढावा लागेल, काकी,” उन्नती म्हणाली.

वेणूने खाली पाहिलं. खोलीचं दार थेट अंगणात उघडायचं. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी तिने त्या उंबऱ्याला हळदकुंकू लावलं होतं. काढ, एवढंच ती म्हणाली.

चामटोलीच्या घरातली ही तळमजल्याची खोली. परवापर्यंत इथे भाताची पोती होती, आता नुसत्या चार भिंती. उन्नती पुतणी. बदलापूरला कात्रपमध्ये राहते, लोकांच्या फ्लॅटचं इंटिरियर करते. ती मापं घेत होती. दार साडेतीन फूट. लाइटची बटणं कमरेच्या खाली. पलंग भिंतीपासून लांब, व्हीलचेअर दोन्ही बाजूंनी गेली पाहिजे. टेपचं दुसरं टोक हरिचंद्रकाकांच्या हातात होतं आणि ते सारखं सुटत होतं.

महिन्यापूर्वी चुलतभावाच्या हळदीला गच्चीवर लायटिंग बांधताना अमित खाली पडला. वेणू-हरिचंद्रचा सव्वीस वर्षांचा पोरगा. डॉक्टरांनी हरिचंद्रला बाजूला घेऊन सांगितलं, पाय गेले, आता तो उभा राहणार नाही. हरिचंद्रने ते वेणूला रिक्षात सांगितलं, आणि एवढा दांडगा माणूस भर रस्त्यात हमसून हमसून रडला. तेव्हापासून वेणूने सगळं आपल्या हातात घेतलं. अमितला यातलं काही कळू द्यायचं नाही. सहा महिन्यांत चालायला लागशील, हेच सांगायचं. कळलं तर पोरगं जिवाचं बरंवाईट करून घेईल, ही तिची धास्ती.

पण अमित पहिल्यापासून हट्टी. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात पडल्यापडल्या त्याने धोशा लावला, माझी खोली करताय ना, मग मला नकाशा दाखवा. झालं! वेणूने उन्नतीला दोन नकाशे काढायला लावले. खरा सुतारासाठी, खोटा अमितसाठी. खोट्यात उंबरा जागच्या जागी. भिंतीला लावलेला डबल बेड, लग्नाच्या मुलाला करतात तसा. छतापर्यंत कपाट. दाराशी बुटांचा रॅक. तो काढताना उन्नती अडखळली. वेणूने तिला दटावलं, काढ, चांगला मोठा काढ, पाप लागलं तर मला लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच हॉस्पिटलात गेली. निघताना कागद तीनदा तपासून पिशवीत ठेवला होता. चुकून खरा गेला असता तर सगळा खेळ खलास.

अमितने नकाशा पोटावर ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिला. वेणू आपली बडबडत होती. रंग कुठला हवा, पडदे कसले हवेत, पलंग इथल्याच कॅम्प पाचमधल्या फर्निचरवाल्याकडून बनवून घेऊ. पुढच्या वर्षी मुलगी बघायला लागू, असंही बोलून गेली. स्वतःच्याच बोलण्याची तिला शिसारी येत होती, पण तोंड काही थांबेना.

अमितने पेन मागितलं. आधी त्याने बुटांच्या रॅकवर काट मारली. मग उंबऱ्यावर. दाराच्या दोन रेघा एकमेकींपासून लांब सरकवल्या. पलंग भिंतीपासून ओढून मध्ये आणला. बटणांवर बाण काढून ती खाली घेतली. मग पलंगाशेजारी एक गोल काढला आणि त्यात लिहिलं, पाच फूट.

वेणूची बडबड कधीच थांबली होती. हे काय, असं तिने कसंबसं विचारलं.

“व्हीलचेअर वळायला एवढी जागा लागते,” अमित म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. डॉक्टरांना त्याने दुसऱ्याच आठवड्यात खोदून खोदून विचारलं होतं, बाकीचं मोबाईलवर वाचलं होतं. तो तिला हे असं सांगत होता, जसं काही तीच आजारी होती.

वेणूला त्याला जवळ घ्यायचं होतं. पण अमितने कागदाची घडी घातली आणि तिच्या मुठीत दिली.

“उन्नतीला दे. पण बाबांना एवढ्यात सांगू नकोस, आई. रोज येऊन माझे पाय चोळत बसतात. त्यांना अजून आशा आहे.”