बाळंतिणीचं पाणी

"तांब्या खाली ठेवा, जावईबापू."

आप्पा बाळंतिणीच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. गुरुप्रसाद तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. मिरजोळ्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तो थेट इथे, हातखंब्यापुढच्या सासुरवाडीला आला होता. अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट होता.

"समीक्षाला पाणी हवंय," तो म्हणाला.

"मिळतं तिला. जेवणाबरोबर अर्धी वाटी, ओवा घालून उकळलेलं. आमच्याकडे बाळंतिणीला एवढंच देतात."

"आणि सोयर फिटेपर्यंत पुरुष आत जात नाहीत," गोदाआत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "काल हे महाशय आत बसून काय करत होते? हिच्या कोपराखाली उशी लावत होते. पोराला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होते. शेजारीण खिडकीतून बघून हसत गेली."

"हसू दे तिला."

"तुमचं काय जातंय? नाव आमचं जातं."

गोदाआत्या ही आप्पांची थोरली बहीण. समीक्षाची आई चार महिन्यांपूर्वी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि माहेरी करणारं कोणी नव्हतं. म्हणून आत्या पिशवी घेऊन आली. त्या दिवसापासून खोलीचं दार बंद, खाटेखाली शेगडी आणि पाणी मोजून. आप्पांनी कशालाच नाही म्हटलं नाही. चार महिने ते कामापुरतंच बोलत होते. बायकोचं नाव तर त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

आज नववा दिवस होता. सकाळी आरोग्यकेंद्राची आशाताई वजनकाटा घेऊन आली. बाळाला झोळीत ठेवून तिने काटा दोनदा पाहिला. जन्मलं तेव्हापेक्षा पाव किलो कमी.

"परवा परत येते. असंच राहिलं तर रत्नागिरीला दाखल करायला लागेल," ती म्हणाली. मग समीक्षाच्या सुकलेल्या ओठांकडे बघत तिने विचारलं, "पाणी पितेस ना गो पोटभर?"

"पिते," गोदाआत्याने उत्तर दिलं.

आता आत बाळ रडत होतं. कालच्यापेक्षा आवाज बारीक झाला होता.

"आप्पा, खुर्ची बाजूला घ्या," गुरुप्रसाद म्हणाला.

"नाहीतर?"

"नाहीतर रिक्षा बोलावतो आणि दोघांना घेऊन जातो."

"ओल्या बाळंतिणीला रिक्षात घालणार?" आप्पा उठून उभे राहिले. पण दारातून हलले नाहीत. "न्या. खुशाल न्या. मग ह्या घराची पायरी पुन्हा चढू नका. तुम्हीही नाही आणि तीही नाही."

"आप्पा," समीक्षा आतून म्हणाली, "घसा सुकलाय हो माझा. दूध येत नाहीये."

बाळ मध्येच थांबलं, पुन्हा रडायला लागलं.

गोदाआत्या पदराला हात पुसत बाहेर आली. "घसा सगळ्यांचाच सुकतो. म्हणून पाणी ढोसायचं? पोट सुटतं, पोराला सर्दी होते. हा कोण आलाय आम्हाला शिकवायला, नर्सबाई? हिच्या आईने ह्याच खोलीत काढलेन की चाळीस दिवस. तोंडातून शब्द काढला नाही. पाण्यासाठी कधी हाक मारलीन का तिने? आप्पा, तूच सांग ह्याला. तू तर दाराबाहेर पडवीतच झोपायचास."

गुरुप्रसादने आप्पांकडे पाहिलं. काय ऐकायला मिळणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने मोकळ्या हाताने खिशातला फोन काढला आणि रिक्षावाल्याचा नंबर शोधू लागला.

आप्पांनी खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली. खोलीचं दार त्यांनीच आत ढकललं.

"रोज हाक मारायची," ते म्हणाले. "ऐकू येऊ नये म्हणून मी गोठ्यात जाऊन झोपायचो."