वर्षाचं लोणचं

आशाबाईंनी बरणीचं फडकं सोडलं, झाकण उचललं आणि कपाळावर हात मारून घेतला. आंब्याच्या लोणच्यावर बोटभर पांढरी बुरशी चढली होती. वर्षाचं लोणचं, आणि अजून संक्रांतही यायची होती!

"काजल! इकडे ये आधी!"

त्यांची लेक काजल आली. तिच्या मागोमाग क्लाराही आली. क्लारा चेक देशातली, सतरा वर्षांची. परदेशी विद्यार्थ्यांना घरोघरी ठेवून घेणाऱ्या एका योजनेतून नांदुऱ्याजवळच्या या शेतकरी घरात वर्षभर शिकायला आलेली. येऊन सहा महिने झाले होते. आशाबाईंना आई म्हणायचं आणि शेषरावांना बाबा, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण नुसतं म्हणून काय होतं! सगळे खाली बसून जेवायचे, ती खुर्चीवर. सगळ्यांना स्टीलची ताटं, तिला नांदुऱ्याहून खास आणलेली काचेची प्लेट. ती उचलून मोरीत ठेवायला निघाली की तिघंही आडवे यायचे. पाहुणा म्हणजे देव, आणि देवाला कोणी भांडी घासायला लावतं का?

"वल्ला चमचा कोणं घातला बरणीत?" आशाबाईंनी काजलला विचारलं.

"म्या नाही घातला, आई."

"मंग काय भूत आलं व्हतं लोणचं खाले? कितीक डाव सांगतलं, पाण्याचा हात बरणीले लावू नको म्हणून! कानात बोळे घातले व्हते काय?"

क्लारा पुढे झाली.

"चमचा मी घातला," ती म्हणाली. तिचं मराठी काजलकडूनच उचललेलं, त्यामुळे अडखळत का होईना, पण अस्सल वऱ्हाडी. "रोज दुपारी घातला. पण चांगला धुऊन घातला."

 आशाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"तू व्हती का? असू दे बेटा, तुले काय मालूम! व्हते असं." आणि लगेच काजलकडे वळून, "तुले सांगता नाही आलं तिले? मूग गिळून बसली व्हती काय?"

काजलने मदतीसाठी कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा पेपरात आणखी आत शिरले.

"तिले नको बोलू!" क्लारा ओरडलीच. "लोणचं मी नासवलं. मले बोल."

"अवं, पाहुण्यावर कोणी रागवते काय?"

"काजलवर रोज रागवते. केस मोकळे सोडले, रागवते. मोबाइल पाह्यला, रागवते. भाकर जळाली, रागवते." क्लाराजवळचे शब्द संपत आले होते, राग संपला नव्हता. "सहा महिन्यांत मले एक डाव बी नाही. मी काय हॉटेलात राहून राह्यली काय?"

शेषरावांनी पेपर खाली केला. "बोल वं तिले. एवढी मांगून राह्यली तं बोलून टाक."

"असं कसं बोलू? राग यावा तं लागते," आशाबाई पुटपुटल्या. त्यांनी कोरड्या चमच्याने बुरशी बाजूला सारून पाहिलं. लोणचं पार निम्म्यावर आलेलं. त्यांचा हात थांबला. "रोज दुपारी म्हणली ना तू? भाकरीसंगं?"

"नुसतं. जेवताना तुम्ही मले एकच बारकी फोड देता न."

"म्हणून तुयं तोंड आलं व्हतं!" आशाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अन् मी समजली, आमचं तिखट तुले सोसलं नाही! पंधरा दिवस दूधभात चारला तुले. तुया मायले फोनवर काय सांगू, या फिकरीनं माया डोयाले डोया नाही लागला. अन् ही महामाया उपाशी पोटी लोणचं हाणून राह्यली! सांगाले काय झालं व्हतं? जीभ गहाण ठेवली व्हती?"

बोलणी खाणं म्हणजे हे असं असतं, याची क्लाराला कल्पना नव्हती. काजल हे रोज कसं पचवते कोण जाणे. तिने चक्क भोकाड पसरलं. आता आई पाणी आणून देईल, डोक्यावरून हात फिरवेल, असं तिला वाटलं. आशाबाईंनी तिच्या हातात एक कोरडी वाटी कोंबली.

"रडून काय बुरशी जाते? हात पूस आधी. अन् वरवरचं सारं काढ. काजल, तू तेल तापव. थंडं झाल्याबिगर ओतशीन तं पाह्यजो!"

दोघी स्वयंपाकघरात फरशीवर शेजारी शेजारी बसल्या. काजलने हळूच कोपर मारलं.

"कसं वाटलं?"

"लागलं," क्लारा नाक ओढत म्हणाली. "लय लागलं."

"सवय व्हते."

तेवढ्यात शेजारच्या केसरबाई विरजणासाठी वाटी घेऊन आल्या. खाली बसून, लाल डोळ्यांनी बुरशी खरवडणारी गोरी पोर पाहून त्या दारातच थबकल्या.

"अवं आशा, पाहुणीले कामाले लावलं काय वं?"

आशाबाईंनी मानही वर केली नाही.

"काय सांगू, केसरबाई! दोन-दोन पोरी हायेत घरात, अन् एकीले बी वळण नाही."