रिकाम्या जागेचा पाव

मुलांनो, डोळे मिटून बर्फात बुडालेला मठ पाहा. संत म्हणून नावाजलेल्या सिस्टर अडेला वारल्या होत्या. तिथली रीत अशी: जेवणाच्या मेजावर मृताच्या जागी तीस दिवस पाव वाढायचा आणि तो दारातल्या म्हाताऱ्या भिकाऱ्याला द्यायचा. एक दिवस चुकला, तर आत्मा मठातच घुटमळतो. पाव पोहोचवायचं काम त्यांच्या शेजारी जेवायला बसणाऱ्या, मठात सांभाळलेल्या सात वर्षांच्या इर्माकडे होतं. एकोणतिसाव्या दिवशी भुकेपोटी तिने तो वाटेतच खाल्ला. तिसाव्या दिवशी दुपारी वाढणाऱ्या सिस्टर कुरकुरल्या, "हा पाव कुणी मोडला? उंदीर इतके शिस्तीचे कधीपासून झाले?" पावाचे दोन सारखे तुकडे होते, एक इर्माकडे सरकवलेला. जिवंतपणी सिस्टर अडेला, "माझी भूक मेलीय गं," म्हणत असाच अर्धा पाव तिच्याकडे सरकवायच्या. इर्माने दोन्ही तुकडे उचलले. त्यांवर स्वतःचा अख्खा पाव ठेवून ती दाराकडे धावली. "आजोबा, कालचाही घ्या."